कुणी पाठवलं?

दोन हजार आठच्या आसपास मी नांदेडला एका दोन खोल्यांच्या ऑफिसात इंटरनेटवरच्या जाहिराती सांभाळायची नोकरी करत होतो. हे काम नेमकं काय असतं, ते हिंगोलीला आमच्या गल्लीत समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ यायचे. "पेपरातल्या जाहिराती का?" न्हाई. "मग टीव्हीतल्या?" त्याही न्हाई. शेवटी माय शेजारणींना सांगायची, "कम्प्युटरमधी बसून लोकं मोजतो." खरं सांगायचं तर याहून नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं. कुणाच्या तरी दुकानाची चार ओळींची जाहिरात लावायची. ती किती जणांना दिसली, किती जणांनी तिच्यावर क्लिक केलं, कुठल्या गावातून, कुठल्या वेळी, आणि त्यातलं कुणी खरंच दुकानाची पायरी चढलं का, हे रोज बघायचं. शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. कम्प्युटर क्लिक मोजतो, पायरी मोजत नाही.

मला आकड्यांची घमेंड होती, हे आधीच कबूल करतो. लोक बोलतात ते निम्मं खोटं आणि आकडा बोलतो ते खरं, असं मी सांगत फिरायचो. ऐकणाऱ्याला कंटाळा आला की मला तो अडाणी वाटायचा. त्यामुळे घरी आपल्या अक्कासाठी जाहिरात करायची वेळ आली तेव्हा मी हात धुऊन मागे लागलो.

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही दोघंच भावंडं. नव्वदच्या दशकात तिचं लग्न झालं, स्थळ दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, स्वतः फिरून शोधलेलं. दादा जिल्हा परिषदेचे शिक्षक. डोंगरकडा, जवळा बाजार, वारंगा फाट्याच्या आसपासची दोन-तीन खेडी, अशी त्यांची सगळी नोकरी बदल्यांमध्ये गेली. जिथं जातील तिथं ते फक्त 'गुरुजी'. पुढे मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले तरी नाव तेच राहिलं. माणूस सरळ, इतका सरळ की सोबत राहणाऱ्याला तकलीफ व्हावी. रोज संध्याकाळी विहारात जाऊन पंचशील म्हणायचे आणि त्यातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, घरात आमच्यावर चालवायचे. मी चौथीत असताना न सोडवलेली गणितं सोडवली म्हणून सांगितलं, तर त्यांनी मारलं नाही. शेजारच्या सगळ्या घरी पाठवून "मी खोटं बोललो" असं सांगून यायला लावलं. त्यापेक्षा दोन छड्या परवडल्या असत्या.

अशा माणसानं पारखून शोधलेलं स्थळ फसलं. अक्काच्या नवऱ्यानं परभणीत दुसरं घर मांडलं आणि अक्का सासूची सेवा करत खेड्यात राहिली. तिथं तिनं काय सोसलं ते सगळं ती कधीच बोलली नाही. एकदाच म्हणाली, "भावड्या, तिथं मला कुनी नावानं हाक मारत नव्हतं. ए म्हनायचे, न्हाईतर भांडं वाजवायचे." सात-आठ वर्षं काढून ती एक दिवस पिशवी घेऊन एसटीनं हिंगोलीला आली आणि परत गेली नाही.

दादांनी तिला घरात घेतलं, पण तिच्याशी बोलणं टाकलं. भाकर वाढ म्हणायचं असलं तरी मायला सांगायचे, "तिला म्हनावं, अजून एक आन." तेव्हा मला त्यांचा फार राग यायचा. आज वाटतं, त्यांना तिची नाही, स्वतःची लाज वाटत होती. तिच्याकडे बघितलं की आपली पारख चुकली हे दिसायचं, म्हणून ते बघत नव्हते. पण घरात राहणाऱ्या बाईला ही फोड करून सांगणार कोण? तिला एवढंच कळत होतं की बाप बोलत नाही.

अक्काच्या हातात कला होती. रुखवताच्या वस्तू ती लहानपणापासून करायची. सुपारीची नवरा-नवरी, लोकरीची तोरणं, मण्यांचा मोर हे तर सगळ्याच करतात. तिची खासियत म्हणजे हळकुंडांची वरात. आमच्याकडे हळद मुबलक. वसमतच्या बाजारातून ती वाकडी-तिकडी हळकुंडं निवडून आणायची आणि त्यांतून बैलगाडी, बैल, वाजंत्री, घोड्यावरचा नवरदेव असं सगळं उभं करायची. वाकडं हळकुंड बैलाच्या मानेला बराबर बसतं, सरळाचा बैल मेल्यासारखा दिसतो, असं तिचं शास्त्र होतं. घराच्या पुढच्या खोलीत तिनं रुखवताचं दुकान मांडलं. वस्तू विकायच्या, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना आख्खं रुखवत लग्नापुरतं भाड्यानं द्यायचं.

दादांना रुखवत मुळातच पटत नव्हतं. "लेकीच्या लग्नात सामान मांडून दाखवायचं, म्हंजे आंदनाचीच धाकटी बहीन," असं ते मायला ऐकवायचे. आणि गल्लीला पटत नव्हतं ते वेगळ्याच कारणानं. जिचं स्वतःचं नांदणं झालं नाही, ती दुसऱ्याच्या पोरीचं रुखवत काय करणार? तोंडावर कुणी म्हणायचं नाही. बायका यायच्या, हळकुंडांचा बैल हातात घेऊन "किती ग्वाड!" म्हणायच्या आणि बैल खाली ठेवून निघून जायच्या. पहिली लग्नसराई अशीच कोरडी गेली.

आणि अशात सासरचा निरोप आला. अक्काच्या नवऱ्याचे मामा मध्यस्थ होते. झालं गेलं विसरू, पोरीला नांदायला पाठवा. खरी गोष्ट अशी की म्हातारी सासू अंथरुणाला खिळली होती आणि परभणीची बाई तिचं करायला येत नव्हती. हे मामांनी सांगितलं नाही, पण हिंगोलीत कुठलीच गोष्ट झाकून राहत नाही. दादांनी निरोप पाठवला, "ही लग्नसराई होऊ द्या, मग सांगतो." आणि मायजवळ म्हणाले, "तिचं दुकान तिच्या पायावर हुभं राहिलं तर राहू दे. न्हाईतर खोली भाड्यानं देऊ. मी म्हातारा झालो, माझ्यामागं ती कुनाच्या भरवशावर राहील?"

मी सुट्टीला आलो तेव्हा अक्का हळकुंडं भिजत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मला तिकडं जायचं न्हाई. तू लोकं मोजतोस म्हनं. माझ्याकडं लोकं आनून दाखव."

त्या वेळी इंटरनेटवर काही शोधलं की उजव्या बाजूला बारीक अक्षरात जाहिराती यायच्या. हिंगोलीत बसून रुखवत कोण शोधणार, हा प्रश्नच होता. पण हिंगोलीची पोरं तोवर पुण्याला, हैदराबादला नोकरीला लागली होती. बहिणीचं लग्न गावाकडे आणि खर्च करणारा भाऊ पुण्यात, अशी बरीच घरं होती. त्या भावांसाठी मी जाहिरात लावली. इंग्रजी अक्षरांत रुखवत, हिंगोली, लग्न असे शब्द टाकले. क्लिक केलं की एकच पान उघडायचं. त्यावर हळकुंडांच्या वरातीचा फोटो, फोन नंबर आणि पत्ता. पत्ता मी आपल्या गावात सांगतात तसाच लिहिला. पाण्याच्या टाकीमागं, मग दादांचं आडनाव, आणि पुढं 'गुरुजींचं घर'. त्या ओळीनं पुढे माझी काय गंमत करून ठेवली ते मला कळायला दोन महिने लागले.

फोन नंबराची मात्र मी हुशारी केली होती. दुकानाच्या पाटीवर घरचा जुना लँडलाइन नंबर होता. जाहिरातीसाठी मी एक सेकंडहँड मोबाइल घेतला, त्यात नवं सिम घातलं आणि तो नंबर त्या पानाखेरीज कुठंच दिला नाही. म्हणजे त्या मोबाइलवर वाजलेला प्रत्येक फोन जाहिरातीचा, इतकं साधं. मोबाइल अक्काच्या हातात दिला आणि वर एक दोनशे पानी वही आखून दिली. नाव, गाव, फोन नंबर, काय पाहिजे, आणि शेवटचा रकाना, 'कुठून कळालं?' तिला बजावलं, "हा रकाना रिकामा सोडायचा न्हाई. याच्यावर सगळं हाये."

अक्कानं रकाना एकदाही रिकामा सोडला नाही. पण प्रश्न तिनं बदलला. दारात आलेल्या माणसाला "तुम्हाला आमच्याबद्दल कुठून कळालं?" असं विचारणं तिला पोलिसी वाटलं. आपण पाहुण्याला विचारतो तसं ती विचारायची, "बसा. पानी घ्या. कुनी पाठवलं?"

मी दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं नांदेडहून यायचो. वारंगा फाट्यावर गाडी चहाला थांबायची. तिथं उभं राहून मी आठवड्याचे आकडे कागदावर पुन्हा पुन्हा बघायचो. क्लिक येत होते. गावांची नावं मात्र भलतीच यायची. हिंगोलीतल्या कॅफेतून क्लिक केलं तरी त्या काळी ते मुंबईचं नाहीतर हैदराबादचं दिसायचं, त्यामुळे त्या यादीवर मी विसंबत नव्हतो. माझा भरवसा वहीवर होता.

पहिल्या महिन्यात वहीत अकरा नावं झाली. मी शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवलं. इंटरनेट एकदाही नाही. कुठं शेजारणीचं नाव, कुठं शाळेतल्या बाईंचं. आणि बाकी सगळीकडे, अक्काच्या गोल अक्षरात, एकच: 'गुरुजींनी पाठवलं.'

"हे काय?" मी विचारलं.

"दादा पाठवून राहिलेत," अक्का म्हणाली. तिनं ते अगदी सहज म्हटलं, हातातला बैल पुसता पुसता. पण त्या आठवड्यात तिनं दादांचा चहा स्वतः करून स्वतः नेऊन ठेवला, आलं ठेचून.  दादा तो चहा प्यायले. एरवी मायनं केलेलाच पीत.

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. बरं यासाठी, की म्हाताऱ्याच्या पोटात माया होती म्हणायची. वाईट यासाठी, की माझी जाहिरात साफ पडली होती. ऑफिसात एखाद्या गिऱ्हाइकाची जाहिरात अशी पडली असती तर मी दुसऱ्या दिवशी बंद केली असती. इथं मी चिकाटी धरली. दुसऱ्या महिन्यात नावं वाढली, अक्काला मदतीला दोन बायका लावाव्या लागल्या. आणि रकाना तसाच: गुरुजी, गुरुजी, गुरुजी.

मग मला शंका आली. दादा जातात कुठं? सकाळी वाचनालय, संध्याकाळी विहार, मध्ये झोप. हा माणूस पुण्याच्या पोरांना कुठं भेटतो? एका रविवारी सकाळी मी वही आणि मोबाइल शेजारी घेऊन बसलो आणि आलेले नंबर एकेक करून वहीतल्या नावांशी लावले. ज्यांच्या ज्यांच्यासमोर 'गुरुजींनी पाठवलं' होतं, त्यातल्या प्रत्येकाचा फोन आधी त्या मोबाइलवर येऊन गेला होता. एकही सुटला नाही. म्हणजे दादांनी कुणालाच पाठवलं नव्हतं. सगळी माझी जाहिरात होती.

माझं डोकं फिरलं. मी त्यातल्या एकाला फोन लावला. मुलगा डोंगरकड्याचा, नोकरी पुण्यात, बहिणीसाठी रुखवत घेऊन गेलेला. म्हटलं, "खरं सांगा, नेटवर बघूनच आलात ना?"

"व्हय, नेटवरच."

"मग गुरुजींनी पाठवलं असं काहून सांगितलं?"

तो हसला. "आता ताईनं इचारलं, कुनी पाठवलं? कम्प्युटरनं पाठवलं असं सांगू का? पत्त्यात गुरुजींचं नाव व्हतं. कुनाचं नाव घेतल्याबिगर बाईमानसाच्या दुकानात कसं शिरायचं, तुमीच सांगा. अन् खरं म्हंजे मला दुसरीत त्यांनीच पाढे शिकवले. तेवढं नाव तर घेऊ शकतो."

मी फोन ठेवला आणि स्वतःच्याच अकलेला शिव्या घातल्या. आमच्याकडे माणूस दवाखान्यात गेला तरी आधी सांगतो, अमक्या सायबानं पाठवलंय. तहसीलला, बँकेत, खताच्या दुकानात, सगळीकडे तसंच. नाव घेतलं की बसायला जागा मिळते, पाणी मिळतं, भाव थोडा सरळ लागतो. बिननावाचा माणूस म्हणजे वाटसरू. हे मला लहानपणापासून माहीत होतं, मी स्वतः तेच करत आलो होतो. तरी मी एक रकाना आखला आणि वाटलं की लोक त्यात खरं सांगतील. ती माणसं खोटं बोलत नव्हती, रीत पाळत होती. पत्त्यात नाव मीच दिलं होतं.

एवढं कळूनही राग गेला नाही. राबलो मी आणि नाव बापाचं, हे मनातून निघेना. त्यात दुसऱ्याच दिवशी मामा यायचे होते. लग्नसराई संपत आली होती, उत्तर द्यायची वेळ आली होती. मी एक दिवसाची रजा टाकून थांबलो.

सोमवारी सकाळी दादा पेपर वाचत बसले होते. मी सरळ जाऊन म्हणालो, "अक्काला वाटतं, तुमी तिच्याकडं गिऱ्हाईक पाठवता. लोकं तुमचं नाव घेतात. तुमी एकालाबी पाठवलं न्हाई. ते सगळे माझ्या जाहिरातीचे हायेत. ती तुमाला चहा करून देते ते फुकटचं हाये."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. आजही आठवलं की कानशिलं गरम होतात.

दादांनी पेपर खाली घेतला. "मी पाठवलं न्हाई, हे मला ठाऊक हाये," ते म्हणाले. मग विचारलं, "किती जनांनी घेतलं नाव?"

"एकोणतीस."

"अन् ती लिहून ठेवती?"

"एकूनएक."

त्यांनी पेपराची घडी घातली, उलगडली आणि परत घातली. मग आंघोळीला गेले.

मामा अकराच्या सुमाराला आले. बोलायला गोड, पांढराशुभ्र सदरा, सोबत केळी. चहा झाला. अक्का आतल्या दाराशी उभी होती, माय तिच्यामागं. मामांनी विषय काढला. पोरगी नवऱ्याच्या घरी शोभते, उद्या तुमच्यामागं तिला कोण, वगैरे. मग पुढच्या खोलीकडे हात करून म्हणाले, "हे बाकी ठीक हाये, गुरुजी. पन नांदत नसलेल्या बाईकडं रुखवताला कोन येतं? चार दिवसाचा खेळ हाये हा."

अक्का आत गेली, वही घेऊन आली आणि मामांपुढं ठेवली. "हे बघा कोन येतं ते," ती म्हणाली. "दादांनीच पाठवलेत."

मामांनी पानं उलटली. त्यांनाही तो रकाना दिसला. मला वाटतं, ते खरोखर चक्रावले. कारण बाप लेकीच्या मागं उभा असेल तर मध्यस्थाला बोलायला जागाच उरत नाही. त्यांनी वही मिटली आणि दादांकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुमचा शब्द म्हंजे शब्द. सगळा तालुका जानतो. तुमी सांगा. तुमी पाठवली ही मानसं?"

मी दादांकडे बघत होतो. अक्का जमिनीकडे बघत होती. मला मनापासून भीती वाटली, आणि ती भीती मीच सकाळी घरात आणली होती. सकाळी मी तोंड उघडलं नसतं तर दादा गोंधळून काहीतरी मोघम बोलले असते आणि निभावून गेलं असतं. आता त्यांना आकड्यासकट खरं माहीत होतं. आणि ज्या माणसानं गणिताच्या खोट्यापायी पोटच्या पोराला गल्लीभर फिरवलं, तो काय उत्तर देणार हे मला पाठ होतं.

दादांनी वही स्वतःकडे ओढली. चष्मा लावून मधलं एक पान वाचलं, अगदी वरपासून खालपर्यंत, पोरांची वही तपासावी तसं.

"व्हय," ते म्हणाले. "मीच पाठवली."

मग वही अक्काकडे देत, कित्येक वर्षांत पहिल्यांदा सरळ तिच्याकडे बघून म्हणाले, "ठिव नीट." आणि मामांना म्हणाले, "पोरगी कुठं जानार न्हाई. पाव्हनं, जेवून जा."

मामा जेवले नाहीत. केळी मात्र ठेवून गेले. माय पदर डोळ्याला लावून स्वयंपाकघरात भांडी उगाच इकडची तिकडे करत राहिली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. मला रडू येत होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी दादांबरोबर विहारात गेलो. बऱ्याच दिवसांनी गेलो होतो. सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. दादांचा आवाज मोठा, शाळेत कमावलेला, त्यामुळे तो नसला की लगेच कळतं. पहिली तीन शीलं त्यांनी म्हटली. चौथ्याला ते गप्प राहिले. पाचव्याला आवाज परत आला. बाहेर पडल्यावर चपला घालता घालता मला म्हणाले, "तुझ्या बहिनीनं पत्त्याची कार्डं छापली म्हनं. किती हायेत?"

"पाचशे असतील."

"उद्या दे मला."

जवळा बाजारच्या बाजाराच्या दिवशी ते सकाळच्या एसटीनं गेले. ज्या गावात पोरांना शिकवलं, त्या गावच्या बाजारात, कापसाच्या आणि सोयाबीनच्या गर्दीत, सत्तरीला आलेला माणूस रुखवताची कार्डं वाटत फिरला. रुखवत ही आंदणाची धाकटी बहीण मानणारा माणूस. आले ते धुळीनं भरलेले, घसा बसलेला. मी शनिवारी घरी आलो तेव्हा अजून नीट बोलता येत नव्हतं. मायनं विचारलं, "काय गरज व्हती?" तर म्हणाले, "बोललो ते खरं करायला नको?"

त्याच शनिवारी मी अक्काला विचारलं, "तुला खरंच वाटत होतं का, की दादा गिऱ्हाईक पाठवतात?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी अजून चौथीतच आहे. "जाहिरातीचा फोन कुनाच्या हातात व्हता, भावड्या? उचलत कोन व्हतं?"

 इतका साधा धागा माझ्या एकाही कागदावर नव्हता.

"लोकं सांगत व्हते ते मी लिहिलं," ती म्हणाली. "लिहिल्यावर वाचायला बरं वाटायचं."

त्या लग्नसराईनंतर दुकान राहिलं, अक्का राहिली. जाहिरात मी पुढेही चालू ठेवली आणि दर शनिवारी वही आणि मोबाइल शेजारी ठेवून नावं जुळवत राहिलो, आता सवयीनं. जवळा बाजारच्या त्या फेरीनंतर दोन आठवड्यांनी वहीत एक नाव आलं, त्याच बाजूच्या एका खेड्यातलं. नवरा-बायको आले होते, पोरीच्या लग्नासाठी रुखवत भाड्यानं ठरवून गेले. मी वहीत त्यांचा नंबर शोधला. नव्हता. मोबाइलवरचे पुढचे-मागचे सगळे फोन पाहिले. त्यांचा म्हणावा असा एकही नव्हता. अक्काला विचारलं तर म्हणाली, त्यांच्याकडे फोनच नाही.

मी शेवटचा रकाना बघितला. एकोणतीस वेळा तिनं तिथं 'गुरुजींनी पाठवलं' असं लिहिलं होतं. या नावापुढं लिहिलं होतं, 'दादांनी पाठवलं.'